सुक्याबरोबर ओलंही कापलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या सदरात एक छोटी चौकट आली होती, घरच्या रास्पबेरीच्या काड्या वाळत असतील तर काय करावं यावर. मी ती कापून फ्रिजवर लावली होती त्यामुळे पाठच झालीये. काडी वाळली की बुरशी समजा, सगळा वाफा जमिनीलगत छाटा, बुरशीनाशक फवारा, पंधरा दिवसांनी परत फवारा. बास, इतकंच. आणि मी शहाणी, अगदी तसंच केलं. पुढच्या वर्षी नवीन काड्या अशा तरारून आल्या की विचारू नका, माझ्या डोक्याच्या वर गेल्या, पानं हिरवीगार, कुठे डाग नाही, पण फळ? एक नाही. अक्षरशः एक नाही. तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं, आता चार वर्षं वाफ्यात हात काळे करून झाल्यावर लिहितेय.

झालं काय होतं ते सांगते, कारण माझ्यासारख्या अजून किती जणांनी सुक्याबरोबर ओलंही कापलं असेल देव जाणे. रास्पबेरीची मुळं वर्षानुवर्षं टिकतात पण वरची काडी मात्र दोनच वर्षं जगते. पहिल्या वर्षी जमिनीतून हिरवा कोंब येतो, वाढतो, उंच होतो, पानं धरतो आणि थंडीत झोपतो. दुसऱ्या वर्षी तीच काडी तपकिरी, लाकडासारखी झालेली असते, तिला बाजूने फुटवे येतात, फुलं येतात, फळ येतं आणि फळ देऊन झालं की ती मरते. मरणारच. तिला काही झालेलं नसतं, तिचं आयुष्यच तेवढं. मला वाफ्यात ज्या वाळक्या काड्या दिसल्या होत्या त्या ह्या फळ देऊन मोकळ्या झालेल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या हिरव्या काड्या म्हणजे पुढच्या वर्षीचं सगळं पीक. मी दोन्ही उडवल्या. वर बुरशीनाशकही मारलं, ते कशावर मारलं हे आता आठवलं तरी हसू येतं, मोकळ्या मातीवर!

आता कोणी म्हणेल की आम्ही तर दरवर्षी सगळं कापतो आणि आम्हाला भरपूर फळ मिळतं. मिळत असेल, खोटं नाही, कारण रास्पबेरीत दोन जाती-प्रकार आहेत आणि सगळा घोळ इथेच आहे. एक उन्हाळ्यात फळणारी, ती फक्त दुसऱ्या वर्षीच्या काडीवर फळते. दुसरी उशिरा, उन्हाळा सरताना फळणारी, ती त्याच वर्षी आलेल्या नव्या काडीच्या शेंड्याकडे फळ देते, तिचं सगळं हिवाळ्याच्या शेवटी जमिनीलगत कापलं तरी चालतं, उलट सोपं पडतं. ही दुसऱ्या प्रकारातली 'हेरिटेज' नावाची जात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्राने १९६९ मध्ये आणली, अजूनही लोक लावतात. नाहीतर दोन बहर हवे असतील तर हिचा शेंडा फळून वाळला की तेवढाच वरचा भाग कापायचा आणि खालची काडी ठेवायची, मग पुढच्या उन्हाळ्याच्या सुरवातीला खालच्या डोळ्यांवर अजून एक छोटा बहर मिळतो. म्हणजे एकीला जमिनीलगत कापणं वरदान आणि दुसरीला तेच कापणं म्हणजे वर्षभर उपास. तुमच्या चौकटीत कुठली रास्पबेरी हे एका शब्दानेही नव्हतं. आणि घरी लावणाऱ्याकडे बहुतेक वेळा कोणीतरी दिलेला फुटवा असतो, नाव-गाव काही माहीत नसतं. माझाही तसाच होता. जात माहीत नसेल तर एक वर्ष नुसतं बघा, फळ हिरव्या कोवळ्या काडीच्या टोकाला येतंय का तपकिरी जुन्या काडीच्या बाजूच्या फुटव्यांवर, आणि तोवर फक्त जी फळून गेली तीच कापा. फळलेल्या काडीला मी फळ तोडतानाच रंगीत दोऱ्याची गाठ मारून ठेवते, नंतर पानं झडल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात आणि मग अंदाजपंचे कापाकापी होते.

दुसऱ्या वर्षी मात्र खरोखरच काड्या मेल्या. तेव्हा मी परत तीच चौकट बघून स्प्रेपंप काढत होते तर आमच्या सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या त्या म्हणाल्या, "अगं, वरून वाळतेय का खालून, ते तरी बघशील आधी?" त्यांनी आयुष्यात रास्पबेरी लावलेली नाही, पण झाडं लावलीत. मी म्हटलं, आई, वाळली ती वाळली, वरून काय नि खालून काय. तर म्हणाल्या, "मग औषध कुठे मारणार आहेस?" ह्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि माफ करा पण तुमच्या चौकटीतही नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललं होतं माझं. त्या दिवसापासून मी पंप ठेवला आणि काडी बघायला लागले. कुठली काडी मेली, नवी का जुनी, कधी मेली, आणि मरण कुठून सुरू झालं. बाकी सगळं त्यावर आहे.

आमचा वाफा थोडा उतारावर आहे. बघितलं तर मेलेल्या सगळ्या काड्या खालच्या टोकाला, वरच्या टोकाच्या ठणठणीत. मेल्या कधी, तर फळ धरल्यावर, म्हणजे हिरवी फळं लागली आहेत आणि अचानक पानं कडेने करपून, तांबूस होऊन, सगळी काडी मान टाकते, फळ तसंच आक्रसून वाळतं. ही काही आयुष्य संपलेली काडी नाही, कारण तिने फळ पुरं केलेलंच नाही. नव्या कोंबांचंही तेच, खालच्या टोकाला मुळात कोंबच कमी आले होते आणि जे आले त्यातले एकदोन शेंड्याकडून वाकून कोमेजलेले. मग एक अर्धमेलं झुडूप मुळासकट उपटलं. उपटायला जोरच लागला नाही, मऊ वडीसारखं बाहेर आलं, बारीक मुळं जवळजवळ नव्हतीच. जाड मुळाची आणि गड्ड्याची, म्हणजे काड्या जिथून फुटतात त्या बुडाची, साल चाकूने खरवडली, तर आत जे पांढरट, दुधी रंगाचं दिसायला पाहिजे ते विटकरी लाल, आणि लाल कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं ती रेघ पेन्सिलीने मारल्यासारखी स्पष्ट. ती रेघ बघितली आणि मला कळलं. ही मूळकूज, फायटोफ्थोरा. ही साधी बुरशीसुद्धा नाही, बुरशीची चुलत बहीण म्हणा, पाण्यात पोहत पोहत एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जाते, म्हणून जिथे पाणी साचतं तिथेच हिचा संसार. पानावर मारायच्या साध्या बुरशीनाशकाचा हिच्यावर काही उपयोग होत नाही, तुम्ही डबा रिकामा केलात तरी.

निचरा बघायचा एक फुकटचा उपाय आहे. वाफ्यात हातभर नको, साधारण ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि बघत बसा. माझ्या वरच्या टोकाचं पाणी चहा होईपर्यंत गेलं. खालच्या टोकाचं दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच होतं, वर एक बेडूक. तिथे चिकण माती आहे आणि सगळ्या वाफ्याचं पाणी तिथेच येतं, आणि मी काय करत होते, तर पानं कोमेजली की पाणी कमी पडलं असं समजून अजून पाणी घालत होते! कोमेजलेलं झाड बघून पाणी घालायचा मोह कोणाला होत नाही, पण मूळच कुजलं असेल तर ते पाणी पिणार कशाने? आधी बोट खुपसून माती बघा, ओली असेल तर झारी ठेवून द्या. मग मी खालच्या टोकाची आजारी झुडपं काढून टाकली आणि तिथे परत रास्पबेरी लावलीच नाही, कारण हा रोग मातीत वर्षानुवर्षं टिकतो. नवीन रोपं दुसऱ्या जागी, २५-३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करून, त्यात भरपूर कुजलेलं कंपोस्ट घालून लावली. आणि आजारी वाफ्यातला फुटवा उचलून नवीन जागी लावायचा नाही, तो रोग घेऊनच येतो. ओळखीत कोणी प्रेमाने दिला तरी आधी विचारा की तुमच्या वाफ्यात काड्या मरतात का. वाईट वाटलं तर वाटू दे.

नवीन जागा निवडतानाही मी एकदा चुकले असते. टोमॅटोचा वाफा रिकामा झाला होता, मस्त भुसभुशीत माती, म्हटलं इथेच लावू. पण टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची ही सगळी मंडळी मातीत व्हर्टिसिलियम नावाची बुरशी मागे ठेवून जाऊ शकतात, तिने रास्पबेरीला मर लागतो, आधी खालची पानं पिवळी पडून गळतात आणि मग मरण वर वर चढतं, कधीकधी काडीवर निळसर पट्टा दिसतो. काळ्या रास्पबेरीला हा जास्त लागतो, लालला त्यामानाने कमी. तीन-चार वर्षं तरी ह्या पिकांच्या जागेवर लावू नये. आणि इथे जाता जाता एक विनंती, तुमच्या त्याच चौकटीच्या मथळ्यात 'रसभरी' छापलं होतं. रसभरी म्हणजे कागदी कंदिलासारख्या टरफलातलं पिवळं गोल फळ हो, ते टोमॅटोच्याच कुळातलं, आणि रास्पबेरी गुलाबाच्या कुळातली, दोघींचा काही संबंध नाही. नावाच्या सारखेपणावरून कोणी एकीचा सल्ला दुसरीला लावला किंवा दोन्ही शेजारी शेजारी लावल्या तर हीच मर घरात आणल्यासारखं होईल.

काही काड्या वसंतात मरतात, तेही वेगळंच प्रकरण आहे. डोळे फुटतात, छोटी पानं येतात, आपण खुश, आणि आठवड्या-दोन आठवड्यात सगळं गळून बसतं. हा बहुतेक थंडीचा मार. काडीत साठवलेल्या अन्नावर पानं फुटून येतात पण आतल्या नळ्या थंडीत मेलेल्या असतात, साठा संपला की खेळ खल्लास. कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्येच चार दिवस ऊबदार जाऊन परत एकदम पारा घसरला की हे जास्त होतं, काडी जागी होते आणि फसते. छाटणीच्या आधी नखाने साल जराशी खरवडून बघायची, आत हिरवं ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर मेली. वरून खाली खरवडत यायचं आणि हिरवं लागलं की तिथे थांबायचं. माझ्या अर्ध्या काड्या वरच्या वीतभरच मेलेल्या होत्या, खाली डोळे शाबूत, तेवढाच शेंडा काढला आणि फळ मिळालं. चौकटीप्रमाणे गेले असते तर त्याही गेल्या असत्या. ह्याला एक कारण मी स्वतः होते, उन्हाळा संपताना खत घातलं होतं, त्यामुळे काड्या थंडीपर्यंत कोवळ्याच वाढत राहिल्या, पिकल्याच नाहीत. खत वसंतात घालायचं, उशिरा नाही.

शेंड्याकडून कोमेजणाऱ्या नव्या काडीबद्दल मला माझ्या भाच्यामुळे कळलं. तो अमेरिकेत असतो, त्याने फोटो पाठवला, मावशी बघ, सगळी काडी हिरवी आणि फक्त शेंडा मान टाकून लटकतोय, पाणी व्यवस्थित आहे. मी म्हटलं झूम करून पाठव, शेंड्यापासून वीतभर खाली. तर तिथे काडीवर दोन गोल रेघा, बोटभर रुंदीच्या अंतराने, कोणीतरी ब्लेडने कोरल्यासारख्या. हा तिकडचा खोडकिडा, एक सडपातळ काळा भुंगा, मादी दोन ठिकाणी काडी गोल कुरतडते आणि मध्ये एक अंडं ठेवते, शेंड्याचं पाणी तुटलं की तो कोमेजतो. अळी मग आतून पोखरत खाली गड्ड्यापर्यंत जाते. ह्याला फवारणी लागत नाही, खालच्या रेघेच्या चार बोटं खाली कापायचं आणि तो तुकडा नष्ट करायचा, कापल्यावर काडीच्या मध्ये भोक दिसलं तर अजून खाली कापत जायचं, भोक संपेपर्यंत. दिसल्या दिसल्या केलं तर एका काडीवर भागतं. तिकडेच अजून एक जास्त वाईट कीड आहे, गड्डा पोखरणारी, तिचा पतंग पिवळ्या-काळ्या गांधीलमाशीसारखा दिसतो, अळी दोन वर्षं जमिनीलगत आत बसून खाते. जुनी काडी फळाच्या वेळी कोमेजते, हाताने ओढली की बुडातून कट्कन मोडते आणि बुडाशी लाकडाचा भुसा दिसतो. मूळकूज आणि ही कीड वरून सारखीच दिसतात, दोन्हीत फळाच्या वेळी काडी मान टाकते, म्हणून बुडाशी वाकून बघितल्याशिवाय ठरवू नका. भुसा आणि पोखर म्हणजे कीड, लाल मूळ म्हणजे कूज. मुळावर किंवा गड्ड्यावर खडबडीत गाठी दिसल्या तर ते तिसरंच, जिवाणूचा गाठीरोग, त्याला औषध नाही, झुडूप काढायचं आणि तिथे परत लावायचं नाही.

खरी बुरशी असतेच की, मी नाही म्हणत नाही. माझ्याकडे आली ती गर्दीमुळे. एका मीटरमध्ये किती काड्या आहेत हे एकदा सहज मोजलं तर एकेचाळीस! ठेवाव्यात १०-१२, बास. ओळीची रुंदी ३० ते ४५ सेंटिमीटर, त्याच्या बाहेर आलेला कोंब म्हणजे तण समजून काढायचा. मला काढवत नव्हते, एवढे छान हिरवे कोंब, जीव तुटायचा. परिणाम काय, आत हात घातला तर दुपारी बारा वाजता पानं ओली. अशा ओलीत नव्या काडीवर पानाच्या देठाशी जांभळट-तपकिरी डाग येतात, हिवाळ्यात तेच डाग राखाडी, चंदेरी होतात आणि त्यावर खसखशीसारखे काळे ठिपके दिसतात, त्या ठिकाणचा डोळा बारीक राहतो नाहीतर मरतोच. म्हणून पुढच्या वर्षी खालची अर्धी काडी मोकळी आणि फळ फक्त वर. लोक म्हणतात काडी जिवंत आहे, रोग नाही, तरी फळ कमी का, तर हे बघा, खालचे डोळे मोजा. दुसरा एक करपा असतो, त्याचे बारीक गोल ठिपके, मध्ये राखाडी आणि कड जांभळी. आणि तिसरी बुरशी जखमेतून शिरते, वाऱ्याने काडी तारेला घासली, किंवा पावसात छाटणी केली, की जखमेपासून काळपट डाग खाली पसरतो आणि काडी तिथे ठिसूळ होऊन मोडते. तिन्हींना औषध एकच म्हणायला हरकत नाही, हवा. विरळणी, बांधणी, पाणी वरून न घालता बुडाशी, ठिबक असेल तर उत्तम, छाटणी कोरड्या दिवशी आणि फळून झालेल्या काड्या लगेच बाहेर. एवढं करूनही दरवर्षी येत असेल तर डोळे नुकते फुटू लागतात तेव्हा लाइम सल्फरची, म्हणजे चुना-गंधकाच्या द्रावणाची, एक फवारणी करतात, लेबल वाचून, पानं मोठी झाल्यावर नाही, भाजतात. म्हणजे फवारणीला मी विरोध करत नाहीये, पण ती रांगेत शेवटी उभी राहू दे.

आता काड्या मरत नाहीत पण फळ मरतुकडं, ह्याबद्दल थोडं. शेणखत मीही बदाबदा घातलं होतं, पानं तळहाताएवढी आणि फळं चार. नत्र जास्त झालं की झाड नुसतं हिरवं होतं आणि कोवळ्या काडीला रोगही पटकन लागतो. बाहेरून आणलेल्या शेणखताची अजून एक भानगड आहे, जनावराने खाल्लेल्या चाऱ्यावर काही विशिष्ट तणनाशकं मारलेली असतील तर ती शेणातूनही तशीच बाहेर येतात आणि रास्पबेरीचे शेंडे वेडेवाकडे पिळवटतात, पानं चमच्यासारखी होतात. शंका असेल तर एका कुंडीत ते खत मिसळून घेवड्याचे चार दाणे पेरा, घेवडा वाकडातिकडा आला तर ते खत वाफ्यात नको. दुसरी चूक राखेची, ती सासूबाईंची, शेकोटीची राख त्या निगुतीने रास्पबेरीच्या बुडाशी घालायच्या. राखेने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि ह्या झाडाला जरा आंबट माती लागते, साडेपाच ते साडेसहा सामू. तर नवीन पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, ही लोहाची कमतरता, मातीत लोह असूनसुद्धा झाडाला घेता येत नाही. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर ती नत्राची कमी, ते वेगळं. राख आता दुसरीकडे जाते, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता ते असो.

पाण्याचं म्हणाल तर मुळं वरच्या वर असतात, बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात, त्यामुळे खोल खुरपणी केली तर आपणच मुळं तोडतो. फळ भरताना आठवड्याला अडीच ते चार सेंटिमीटर पाणी पोचलं पाहिजे, पावसाचं धरून. नाहीतर फळ छोटं आणि बियाच बिया. कडक कोरड्या उन्हात पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड. आणि पालापाचोळ्याचं आच्छादन ५-१० सेंटिमीटर घाला, पण खालच्या टोकासारखी जागा असेल तर जाड थर नको, तिथे ओल आधीच जास्त.

फळ हातात आलं की भुगा होतं, ही तक्रार मला तिघींनी केली. रास्पबेरी नीट निरखून बघा, ते एक फळ नाहीच, छोट्या छोट्या मण्यांचा पुंजका आहे, आणि मण्यामण्यावर जो बारीक केस दिसतो ना तो फुलातल्या त्या त्या स्त्रीकेसराचा उरलेला धागा. प्रत्येक मण्याचं परागीभवन वेगळं व्हावं लागतं. काही मणी भरलेच नाहीत तर बाकीचे एकमेकांना धरून राहत नाहीत आणि तोडताना विस्कटतात. एखाद्या वर्षी सगळ्या वाफ्याला झालं तर फुलांच्या वेळी सतत पाऊस-थंडी होती का, मधमाश्या आल्या का ते आठवा, आणि फुलं असताना आपणच कीटकनाशक मारलं नाही ना तेही. पण दरवर्षी ठराविक झुडूपच भुगा देत असेल आणि शेजारचं चांगलं असेल तर विषाणू धरून चाला. काही विषाणू परागातूनच पसरतात, काही मातीतल्या सूत्रकृमींमुळे, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंतांमुळे, काही माव्यामुळे, आणि लागलेल्या झाडावर इलाज नाही. उपटा. मला एक दहा वर्षांचं झुडूप उपटायला लागलं, हातपाय नीट, पानं नीट, नुसतं फळ भुगा. वाफा तसाही दहा-पंधरा वर्षांनी उतरणीला लागतोच. नवीन रोपं आणाल ती विषाणूमुक्त म्हणून तपासलेली आणा आणि जुन्या वाफ्यापासून जितकी लांब जमतील तितकी लांब लावा.

पिकलेल्या फळात बारीक पांढरी अळी निघाली तर ती बहुतेक ठिपक्याच्या पंखाची फळमाशी. मूळची पूर्व आशियातली, २००८ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात दोन्हीकडे सापडली आणि मग पसरतच गेली. बाकीच्या चिलटांना सडकं फळ लागतं, हिच्या मादीला करवतीसारखं शेपूट असतं त्यामुळे ती चांगल्या, पिकू घातलेल्या फळात अंडी घालते. मिठाच्या पाण्यात मूठभर फळं पंधरा-वीस मिनिटं टाका, असतील तर अळ्या बाहेर येतात, बघून दोन दिवस जेवण जात नाही एवढंच. रोज नाहीतर एक दिवसाआड तोडणी, तोडलं की लगेच फ्रिजमध्ये, आणि खाली पडलेलं एकही फळ वाफ्यात ठेवायचं नाही. जी उशिरा फळणारी जात आहे तिला हा त्रास जास्त, तोपर्यंत माश्यांची संख्या वाढलेली असते.

आणि ज्यांच्याकडे थंडीच पडत नाही त्यांनी कृपा करून स्वतःला दोष देऊ नका. उन्हाळी जातीच्या बऱ्याच रास्पबेरींना फुलण्याआधी साधारण ७ अंशांच्या खालचे शेकडो तास लागतात, ८०० पासून ते दीड हजाराच्याही पुढे जातीनुसार. ते मिळाले नाहीत तर डोळे झोपेतच राहतात, काडी जिवंत पण आंधळी. खतं बदलून उपयोग नाही, जातच बदलायला लागते, नव्या काडीवर फळणारी किंवा उष्ण हवेला चालणारी.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की ती चौकट परत छापणार असाल, दरवर्षी छापता म्हणून म्हणतेय, तर "सगळा वाफा जमिनीलगत छाटा" ह्या वाक्याच्या आधी "नव्या काडीवर फळणारी जात असेल तरच" एवढे शब्द टाका, आणि फवारणीच्या आधी "एक झुडूप उपटून मुळं बघा" हे. जागा कमी पडत असेल तर फोटो छोटा करा, तसाही मागच्या वेळी फोटो ब्लॅकबेरीचा होता. रास्पबेरी तोडली की आतला दांडा झाडावरच राहतो आणि फळ टोपीसारखं पोकळ हातात येतं, तुमच्या फोटोतल्या फळात दांडा दिसत होता.

कळावे,
आपली एक जुनी वाचक

ता.क. पत्र वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या कापलेल्या काड्यांचं काय करायचं ते लिहिलंच नाहीस. बरोबर आहे. त्या वाफ्यात आच्छादन म्हणून पसरू नका आणि शेजारी ढीगही नको, बुरशी त्यातच हिवाळा काढते आणि वसंतात परत वर येते. लांब न्यायच्या. आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आजारी झुडपावरून चांगल्या झुडपाकडे नेताना पुसून स्पिरिट लावायचं, हेही त्याच म्हणाल्या.